यूके: कौन्सिलची हद्द ओलांडली आणि हाउसिंग बेनिफिट बंद. आता?

तळ्यातमळ्यात

एका मराठी जोडप्यासाठी विचारतोय. तपशील सगळे एकदाच देतो, म्हणजे मागाहून उलटतपासणी नको.

काका 73, काकू 64. दोघंही ब्रिटिश नागरिक. 2018 पासून पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना सरकार देतं ती पूरक रक्कम; यांना त्यातला गॅरंटी क्रेडिट हा भाग) आणि हाउसिंग बेनिफिट (घरभाड्यासाठी मदत) दोन्ही चालू, मध्ये एकदाही खंड नाही. लेकीच्या जवळ राहता यावं म्हणून लंडनच्या एका बरोमधून बाहेर, दुसऱ्या कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) हद्दीत एका बेडरूमचं खासगी घर भाड्याने घेतलं. नवं भाडं महिन्याला 1,050 पौंड. शनिवारी सामान हललं. जुन्या घरमालकाला दिलेल्या नोटिशीचे अजून तीन आठवडे बाकी आहेत, म्हणजे तेवढे दिवस भाडं दोन्हीकडे.

जुन्या कौन्सिलचं पत्र आलं: तुम्ही आमच्या हद्दीतून गेलात, बेनिफिट बंद. नव्या कौन्सिलने फोनवर सांगितलं: काकू पेन्शनच्या वयाच्या नाहीत, तेव्हा नवीन हाउसिंग बेनिफिट मिळणार नाही, युनिव्हर्सल क्रेडिट (कामाच्या वयाच्यांचा एकत्रित भत्ता) घ्या. तो ऑनलाइन अर्ज भरून झालाय, फक्त शेवटचं 'सबमिट' राहिलंय.

संसार तोच, माणसं तीच, फक्त दहा मैल सरकली, तर हक्क कसा जातो? आणि तीन आठवड्यांच्या दुहेरी भाड्याचं काय?

---

कागदपत्री

सबमिट दाबू नका. ती खिडकी बंद करा, मग पुढचं वाचा.

हाउसिंग बेनिफिटचे नियम देशभर एकच असले तरी ते देते प्रत्येक कौन्सिल आपापल्या हद्दीपुरतं. त्यामुळे हद्द ओलांडली की जुना अवॉर्ड (मंजूर झालेलं बेनिफिट) संपतो आणि नव्या कौन्सिलकडे नवा अर्ज करावा लागतो. इथवर जुन्या कौन्सिलचं काही चुकलेलं नाही. एकाच कौन्सिलमध्ये घर बदललं असतं तर नुसता पत्ता बदलून काम भागलं असतं.

खरा घोळ 'नवा अर्ज' या दोन शब्दांत आहे. 15 मे 2019 पासून नियम असा, की जोडप्यातला एक पेन्शनच्या वयाचा आणि दुसरा त्याखालचा असेल, तर नवीन पेन्शन क्रेडिट किंवा पेन्शन-वयाचं हाउसिंग बेनिफिट मिळत नाही, युनिव्हर्सल क्रेडिटच. अशांना 'मिक्स्ड एज कपल' म्हणतात. फोनवरच्या माणसाने एवढंच ऐकून उत्तर दिलं.

पण हा नियम आणणाऱ्या सरकारी आदेशातच जुन्यांसाठी संरक्षण आहे. 14 मे 2019 ला ज्या जोडप्याला मिक्स्ड एज जोडपं म्हणून पेन्शन क्रेडिट किंवा पेन्शन-वयाचं हाउसिंग बेनिफिट, दोहोंपैकी एक तरी मिळत होतं, आणि तेव्हापासून दोहोंपैकी एक तरी अखंड चालू आहे, त्यांना जुनेच नियम लागू. ते दुसऱ्या कौन्सिलकडे नवा अर्जही करू शकतात. काका-काकूंचं पेन्शन क्रेडिट चालू आहे. ते कौन्सिल देत नाही, डीडब्ल्यूपी (पेन्शन आणि बेनिफिटचं केंद्रीय सरकारी खातं) देतं, त्यामुळे घर बदलल्याने ते बंद पडत नाही, नवा पत्ता तेवढा कळवायचा. म्हणजे हाउसिंग बेनिफिटमध्ये चार दिवसांची फट पडली तरी पेन्शन क्रेडिटने साखळी धरून ठेवलेली आहे.

ज्यांना नुसतं हाउसिंग बेनिफिटच आहे, पेन्शन क्रेडिट नाही, त्यांना मात्र फट परवडत नाही. जुनं ज्या दिवशी संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नवं सुरू व्हायला हवं. मध्ये दिवस सुटला तर संरक्षण गेलं, आणि काकू पेन्शनच्या वयाच्या होईपर्यंत ते परत येत नाही. 6 मार्च 1961 ला किंवा नंतर जन्मलेल्यांचं पेन्शनचं वय 67 धरतात, म्हणजे इथे तीनेक वर्षं.

युनिव्हर्सल क्रेडिट दाबलं असतं तर काय झालं असतं ते 2025-26 च्या दरांनी बघा. पेन्शन क्रेडिट जोडप्याचं उत्पन्न आठवड्याला 346.60 पौंडांपर्यंत आणून सोडतं. 52 ने गुणून 12 ने भागलं की महिन्याला 1,501.93. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जोडप्याची मूळ रक्कम महिन्याला 628.10, आणि काकांचं स्टेट पेन्शन त्यातून पौंडाला पौंड वजा. घरभाड्याचा भाग वेगळा धरला तरी महिन्याला 873.83 पौंडांनी पातळी खाली. शिवाय अर्ज पोहोचला आणि प्राथमिक अटी जुळल्या की पेन्शन क्रेडिटही थांबतं. कौन्सिलकडून नकार आला तर त्यावर भांडता येतं, हे दाबलेलं बटण मात्र सहसा उलट फिरवता येत नाही. चुकून दाबलंच, तर निर्णय व्हायच्या आत जर्नलमध्ये (युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातलं निरोपांचं पान) 'अर्ज मागे घेत आहोत' असं लिहा आणि त्याच दिवशी सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा एज यूके यांपैकी एक सल्ला देणारी संस्था गाठा.

आता करायचं ते:

नव्या कौन्सिलच्या वेबसाइटवर हाउसिंग बेनिफिट आणि कौन्सिल टॅक्स रिडक्शन (कौन्सिलच्या करात सूट) या दोन्हींचा अर्ज आजच्या आज भरा. बऱ्याच ठिकाणी एकच फॉर्म असतो, पण दोन्ही खुणा केल्यात ना ते पाहा. फॉर्म 'तुम्ही पात्र नाही' म्हणून मध्येच अडवत असेल तर (वयावरून अडवणारे फॉर्म आहेत) कागदी अर्ज मागा किंवा ईमेलने लेखी अर्ज द्या. अर्जाची तारीख महत्त्वाची, फॉर्म कुठला ते नंतर.

सोबत भाडेकरार, पेन्शन क्रेडिटचं ताजं पत्र, जुन्या कौन्सिलचं बेनिफिट बंद झाल्याचं पत्र, दोघांचे नॅशनल इन्शुरन्स नंबर आणि ओळखपत्रं. आणि एक परिच्छेद: 'आम्ही मिक्स्ड एज जोडपं आहोत, 14 मे 2019 पूर्वीपासून पेन्शन क्रेडिट आणि हाउसिंग बेनिफिट घेत आहोत, पेन्शन क्रेडिट अखंड चालू आहे, त्यामुळे वेल्फेअर रिफॉर्म ॲक्ट 2012 च्या कमेन्समेंट नंबर 31 ऑर्डर 2019, कलम 4 चं संरक्षण आम्हाला लागू आहे.' हे वाचल्यावर फाइल फोनवरच्या माणसाकडून उचलून नियम माहीत असलेल्याकडे जाते.

---

हिशेबनीस

दुहेरी भाड्याचं मी घेतो.

हाउसिंग बेनिफिटच्या 2006 च्या पेन्शन-वयाच्या नियमावलीत नियम 7 आहे. नव्या घरात राहायला गेलात, दोन्ही घरांचं भाडं देणं भाग आहे, आणि ते टाळणं वाजवी प्रयत्नांनी शक्य नव्हतं, तर जास्तीत जास्त चार आठवडे दोन्ही घरांसाठी बेनिफिट मिळू शकतं. जुन्या घराचं जुनी कौन्सिल देते, नव्याचं नवी. जुन्या कौन्सिलने सामान हललेल्या दिवसापासून बंद केलं असेल तर त्यांना लिहा. 'टाळणं शक्य नव्हतं' हे सिद्ध करायला तीन तारखा लागतात: नवं घर नक्की झालं ती, जुन्या मालकाला नोटीस दिली ती, आणि नोटीस संपते ती. नोटीस घर मिळाल्याबरोबर दिली असेल तर बाजू भक्कम. घर मिळून दोन आठवडे झाल्यावर दिली असेल तर ते दोन आठवडे कापतील आणि उरलेल्याचाच विचार करतील. मालकाला विनंती केली होती आणि तो लवकर सोडायला तयार नव्हता, असा एखादा मेसेज असेल तर तोही जोडा.

अट एक: नव्या घरात खरोखर राहायला गेलेलं असायला हवं. चावी घेतली, कुलूप लावून ठेवलं, गाद्या अजून जुन्याच घरात, असं असेल तर नव्या घराचं सुरू होत नाही. (अपंगत्वासाठी घरात बदल करून घ्यायचे असतील तर वेगळी सवलत आहे, इथे तो मुद्दा नाही.)

नव्या घराच्या रकमेचं गणित. हाउसिंग बेनिफिट आठवड्यावर चालतं, सोमवार ते रविवार. 1,050 गुणिले 12 भागिले 52, म्हणजे आठवड्याला 242.31 पौंड. पण खासगी भाडेकरूला मिळतं ते लोकल हाउसिंग अलाउन्सच्या कमाल मर्यादेपर्यंत. ती मर्यादा कौन्सिलवर ठरत नाही, 'ब्रॉड रेंटल मार्केट एरिया' नावाच्या वेगळ्याच नकाशावर ठरते. समजा तिथला एका बेडरूमचा दर आठवड्याला 205 निघाला, तर गॅरंटी क्रेडिट असूनही 37.31 पौंड खिशातून. घर ठरवण्याआधी या अलाउन्सच्या सरकारी एलएचए-डायरेक्ट पानावर पोस्टकोड टाकून दर बघायचा असतो. आता करार झालाच आहे, तरी बघून ठेवा, म्हणजे पत्र आल्यावर धक्का नको. तो नकाशा आणि कौन्सिलची हद्द जुळत नाहीत. शेजारच्या कौन्सिलमध्ये गेलं तरी दर तोच राहू शकतो, आणि एकाच कौन्सिलच्या दोन टोकांना दोन दर असू शकतात. एप्रिल 2024 मध्ये हे दर स्थानिक भाड्यांच्या खालच्या 30 टक्क्यांच्या पातळीला आणले आणि 2025-26 ला तिथेच गोठवले. बाजारातली भाडी मात्र गोठलेली नाहीत.

सुरुवातीची तारीख: पेन्शन-वयाच्या अर्जाला तीन महिन्यांपर्यंत मागची तारीख मिळते, कारण द्यावं लागत नाही. शनिवारी राहायला गेले आणि भाडं त्याच आठवड्यात सुरू झालं, तर बेनिफिटही त्या शनिवारपासून धरतात. पुढच्या सोमवारपासून धरलं असेल तर हरकत घ्या. दोन दिवसांचे पैसे थोडेच असतात, पण पेन्शन क्रेडिट नसलेल्या जोडप्याच्या बाबतीत याच दोन दिवसांनी वर कागदपत्री म्हणतात ती साखळी तुटते.

डिपॉझिट हाउसिंग बेनिफिटमध्ये बसत नाही. पेन्शन क्रेडिट सहा महिने चालू असेल तर सोशल फंडातून बिनव्याजी बजेटिंग लोन मागता येतं. सामान हलवायचा खर्च आणि आगाऊ भाडं त्यात बसतं.

---

सायली_मिडलंड्स

धागा वाचून पन्नाशीतले लोक 'आम्हालाही चालेल' म्हणतील, म्हणून त्यांचंही सांगते.

दोघंही (किंवा एकटं माणूस) पेन्शनच्या वयाखालचं असेल तर हद्द ओलांडल्यावर हाउसिंग बेनिफिटचं दार बंद. डिसेंबर 2018 पर्यंत युनिव्हर्सल क्रेडिट सगळीकडे पोहोचलं आणि आता कामाच्या वयात नवीन हाउसिंग बेनिफिट फक्त दोन ठिकाणी: देखभालीसह राहण्याची सोय, म्हणजे सपोर्टेड प्रकारातली, आणि बेघर म्हणून कौन्सिलने दिलेलं तात्पुरतं घर. बाकी सगळ्यांचं भाडं युनिव्हर्सल क्रेडिटमधून. त्यामुळे आता हा प्रश्न येतो तो बहुतेक या दोन ठिकाणांहून बाहेर पडणाऱ्यांना. त्यांचं युनिव्हर्सल क्रेडिट बहुधा आधीच चालू असतं. नवा अर्ज नको, जर्नलमध्ये 'राहण्याची जागा' बदलली असं नोंदवून करार चढवायचा.

हद्द कुठे आहे हे आधी नीट पाहा. लेस्टरचंच उदाहरण. लंडन रोडने बाहेर निघालं की ओडबी लागतं, कुणी वेगळं गाव म्हणतही नाही, पण लेस्टर सिटी कौन्सिल वेगळी आणि ओडबी अँड विग्स्टन वेगळी. पत्त्यावर दोन्हीकडे 'लेस्टर' लिहितात, पोस्टकोडही एलई. आणि जिथे कौन्सिलचे दोन थर आहेत (वर काउंटी, खाली डिस्ट्रिक्ट किंवा बरो) तिथे काउंटी कौन्सिलशी याचा संबंध नाही. लेस्टरशर काउंटीतच राहतोय म्हणून भागत नाही, डिस्ट्रिक्ट किंवा बरो बदलली की बेनिफिटची कौन्सिल बदलली. सरकारी साइटवर पोस्टकोड टाकून स्थानिक कौन्सिल शोधता येते. कौन्सिल टॅक्सचं बिल कोणाकडून येणार हा एकच प्रश्न इस्टेट एजंटला विचारला तरी उत्तर मिळतं.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये भाडं कसं बसतं ते लोकांना उशिरा कळतं. महिन्याचा हिशेब तुमच्या असेसमेंट पिरियडचा (ज्या तारखेपासून तुमचा महिना मोजतात तो), आणि पाहतात ती त्या पिरियडच्या शेवटच्या दिवसाची परिस्थिती. समजा पिरियड 8 तारखेपासून पुढच्या 7 पर्यंत. 5 तारखेला 900 च्या घरातून 1,050 च्या घरात गेलात (दोन्ही मर्यादेत आहेत असं धरू), तर पूर्ण महिन्याचे 1,050 मिळतात. उलट 1,050 मधून 900 मध्ये गेलात तर पूर्ण महिन्याचे 900, आणि जुन्या मालकाचे 150 कमी पडतात. आणि भाडं वाढणारा बदल त्याच पिरियडमध्ये कळवा. पिरियड संपल्यावर कळवला तर वाढ साधारणपणे ज्या पिरियडमध्ये कळवली तिथपासूनच.

दुहेरी भाडं युनिव्हर्सल क्रेडिट देत नाही. घरगुती हिंसेमुळे घर सोडलं किंवा अपंगत्वासाठी नव्या घरात काम चालू आहे, अशा मोजक्याच सवलती. म्हणून कामाच्या वयाच्या माणसाने नोटीस आणि नव्या कराराची तारीख जुळवूनच हलावं.

मायग्रेशन नोटीस (जुनी बेनिफिट सोडून युनिव्हर्सल क्रेडिटवर या, असं सरकारी पत्र) मिळून युनिव्हर्सल क्रेडिटवर गेलेल्यांना, जुन्यापेक्षा कमी मिळत असेल तर, 'ट्रान्झिशनल एलिमेंट' ही भरपाई मिळते. जास्त भाड्याच्या घरात गेलात आणि घरभाड्याचा भाग 120 ने वाढला, तर हा एलिमेंट 120 ने घटतो. स्टेटमेंटवर भाडं वाढलेलं दिसतं आणि खाली एकूण रक्कम तीच! ही चूक नाही, नियमच तसा आहे.

---

डबलडेकर

लंडनमधून बाहेर पडणाऱ्या कामाच्या वयाच्या कुटुंबांनी बेनिफिट कॅपही (एकूण बेनिफिटची कमाल मर्यादा) बघा. ग्रेटर लंडनमध्ये जोडप्याला किंवा मुलं असलेल्यांना वर्षाला 25,323 पौंड, बाहेर 22,020. महिन्याला 275.25 चा फरक. हिलिंग्डनहून स्लाउ किंवा हॅरोहून वॉटफर्ड, बस तीच असली तरी कॅप बदलते. महिन्याची कमाई (जोडप्याची मिळून) 2025-26 च्या हिशेबाने 846 पौंड असेल, किंवा घरात कुणाला पिप, अटेंडन्स अलाउन्स वगैरे अपंगत्वाचा भत्ता असेल तर कॅप लागत नाही. प्रश्नातल्या काका-काकूंना ती लागूच नाही.

बेघर म्हणून एका कौन्सिलने दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीत तात्पुरतं घर दिलं असेल, तर लोक दोन कौन्सिलच्या मध्ये टोलवले जातात. तिथे पहिला प्रश्न: भाडं कोणाला देता? पाठवणारी कौन्सिलच तुमची घरमालक असेल तर सहसा बेनिफिटही तीच बघते, घर कुठल्याही हद्दीत असो. मालक दुसरा कुणी असेल तर घर जिथे आहे ती कौन्सिल. ताबा घेताना सही केलेल्या कागदावर मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते वाचा, आणि 'अर्ज कोणाकडे करायचा' हे हाउसिंग ऑफिसरकडून ईमेलवर घ्या. फोनवर नको.

जुन्या भाडेकरूंनी दहादा विचार करावा. 15 जानेवारी 1989 च्या आधीची टेनन्सी असेल तर ते घर सोडल्यावर 'फेअर रेंट'चं (सरकारी रेंट ऑफिसरने ठरवलेल्या भाड्याचं) संरक्षण बहुधा तिथेच संपतं. 7 एप्रिल 2008 च्या आधीपासून त्याच पत्त्यावर अखंड बेनिफिट असेल तर तिथे रेंट ऑफिसरची जुनी पद्धत चालते. घर बदललं की लोकल हाउसिंग अलाउन्स.

कौन्सिल टॅक्स रिडक्शन आपोआप मागे येत नाही. पेन्शन-वयाच्यांसाठी इंग्लंडभर ठरलेली एकच योजना आहे, पण कामाच्या वयाच्यांसाठी एप्रिल 2013 पासून प्रत्येक कौन्सिलची आपापली. जुन्या ठिकाणी शून्य भरणाऱ्याला नव्या ठिकाणी काही टक्के भरावे लागू शकतात. युनिव्हर्सल क्रेडिटच्या अर्जात हे येत नाही, ते वेगळंच मागायचं. ते न मागितल्याने थकबाकीची समन्स आलेले धागे इथे किती आहेत ते शोधून बघा.

---

कागदपत्री

आपल्या लोकांना लागू पडणाऱ्या चार गोष्टी राहिल्या.

भारतवारी. पेन्शन क्रेडिट आणि हाउसिंग बेनिफिट, दोन्हींत 28 जुलै 2016 पासून देशाबाहेर चार आठवड्यांची मर्यादा आहे. ब्रिटनमध्येच दुसरीकडे राहिलात तर हाउसिंग बेनिफिटला 13 आठवडे चालतात, पण पुण्याला नाही. आणि 'चार आठवडे मिळतील, पुढचे कापतील' असा हिशेब नाही. निघतानाच परतीचं तिकीट आठ आठवड्यांनंतरचं असेल तर निघाल्या दिवसापासूनच बंद. मिक्स्ड एज जोडप्याची दोन्ही बेनिफिट एकदम बंद झाली म्हणजे 2019 ची साखळी तुटली, पुढे युनिव्हर्सल क्रेडिट. गणपती ते दिवाळी एकाच फेरीत उरकायचा मोह इथे फार महाग पडतो. जवळच्या नातेवाइकाच्या मृत्यूमुळे लगेच परतणं वाजवी नसेल तर आणखी चार आठवडे, वैद्यकीय उपचारासाठी 26 पर्यंत, पण कागद हवेत.

पुण्यातला फ्लॅट, एफडी. काकांना गॅरंटी क्रेडिट आहे, त्यामुळे नव्या कौन्सिलने बचतीची वेगळी झडती घ्यायची गरज नाही, ते काम डीडब्ल्यूपीने केलेलं असतं. गॅरंटी क्रेडिट नसेल तर हाउसिंग बेनिफिटला 16,000 पौंडांची कमाल मर्यादा आहे आणि भारतातली मालमत्ताही मोजतात: तिथली बाजारकिंमत, त्यातून विक्रीखर्चापोटी 10 टक्के आणि कर्ज वजा. एनआरओ, एनआरई खाती धरूनच. अंगावरचे दागिने वैयक्तिक वस्तू म्हणून सोडतात. फ्लॅटमध्ये पेन्शनच्या वयाचा जवळचा नातेवाईक राहत असेल तर तो फ्लॅट सोडतात. पेन्शन क्रेडिटला वरची मर्यादा नाही, 10,000 च्या वर दर 500 ला आठवड्याला 1 पौंड उत्पन्न धरतात. फ्लॅटचे वजा जाता 45,000 धरले आणि दुसरी बचत नसेल, तर 70 पौंड. पण तेच 45,000 युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये 16,000 च्या वर जातात आणि हातात शून्य येतं. चुकीच्या अर्जाची किंमत कुणाकुणाला किती पडते ते यावरून कळेल.

मुलाचा फ्लॅट भाड्याने. मुलगा त्याच घरात राहत असेल तर मिळणार नाही. वेगळ्या फ्लॅटमध्ये आई-वडील भाडेकरू असतील तर मिळू शकतं, पण व्यवहार खरा हवा: लेखी करार, बाजाराच्या आसपासचं भाडं, बँकेतून दरमहा जाणारी रक्कम, आणि थकलं तर मुलगा काय करील याचं पटणारं उत्तर.

व्हिसा. 'नो रीकोर्स टु पब्लिक फंड्स' (सरकारी मदतीवर हक्क नाही) असा शेरा असेल तर हाउसिंग बेनिफिट, युनिव्हर्सल क्रेडिट, कौन्सिल टॅक्स रिडक्शन तिन्हींना हात लावू नका. आई-वडिलांना ॲडल्ट डिपेंडंट रिलेटिव्ह (अवलंबून असलेले प्रौढ नातेवाईक) म्हणून आणताना मुलांनी सांभाळायची लेखी हमी दिलेली असते. अशी हमी असेल तर सेटलमेंट (कायम राहण्याची परवानगी) मिळालेली असली तरी पाच वर्षं ही बेनिफिट मिळत नाहीत.

---

तळ्यातमळ्यात

सर्वांचे आभार. अर्ज अर्धवट सोडला, पाठवला नाही. नव्या कौन्सिलला ईमेल आणि हाउसिंग बेनिफिटचा फॉर्म काल गेला. आज उत्तर आलं: 2019 पासून पेन्शन क्रेडिट अखंड आहे याचा पुरावा द्या. घरात 2022 च्या आधीची पत्रं नाहीत, हलवाहलवीत रद्दीत गेली असावीत. आणि लेखी नकार आलाच तर किती दिवस मिळतात?

---

हिशेबनीस

नकारावर एक महिना, पत्रावरच्या तारखेपासून. हाउसिंग बेनिफिटमध्ये सरळ अपील करता येतं, ते कौन्सिलकडेच द्यायचं. कौन्सिल निर्णय बदलते, नाहीतर अपील फर्स्ट-टिअर ट्रिब्युनलकडे (स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे) पाठवते. युनिव्हर्सल क्रेडिटसारखं आधी 'मँडेटरी रीकन्सिडरेशन' (सक्तीचा फेरविचार) लागत नाही. कुणी तसं सांगितलं तर ते दोन बेनिफिटची गल्लत करतायत. अपीलवर सही लागते आणि कारण लिहावं लागतं. कारण म्हणून वरचाच परिच्छेद पुरे.

तोवर मालकाला लेखी कळवा की अर्ज झालाय आणि मागच्या तारखेपासून मिळेल. जुन्या कौन्सिलकडून सामान हलल्यानंतरच्या दिवसांचे पैसे आधीच जमा झाले असतील तर खर्च करू नका. चार आठवड्यांची विनंती मान्य झाली नाही तर ते परत मागतील.

---

कागदपत्री

पुराव्याला घाबरू नका. कौन्सिलला डीडब्ल्यूपीच्या नोंदी 'सर्चलाइट' प्रणालीवर पाहता येतात. ईमेलमध्ये तसं सुचवा: दोघांचे नॅशनल इन्शुरन्स नंबर दिले आहेत, कृपया पेन्शन क्रेडिटचा इतिहास तिथे तपासावा. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं.

समांतर दोन पत्रं मागवा. पेन्शन सर्व्हिसला (डीडब्ल्यूपीचाच पेन्शन विभाग) फोन करून 'मे 2019 पासून आजपर्यंतचा अवॉर्डचा इतिहास' लेखी मागा. जुन्या कौन्सिलकडे सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट (त्यांच्याकडची आपली माहिती मागणारा अर्ज) द्या, ती फुकट असते आणि साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. त्यांच्या फाइलमध्ये 2019 ची बेनिफिटची पत्रं असणारच. घाई असेल तर 2019 च्या एप्रिल ते जूनची बँक स्टेटमेंटं काढून घ्या, त्यात पेन्शन क्रेडिटची जमा दिसते. पूर्ण पुरावा नव्हे, पण फाइल बंद होऊ देत नाही.

पेन्शन सर्व्हिसचं पत्र आलं की पाठवण्याआधी एक बघा. अर्ज काकांच्या नावाने असतो, त्यामुळे पत्रावर कधी कधी फक्त त्यांचंच नाव आणि रकमा येतात. काकूंचं नाव किंवा 'जोडप्याचा दर' असा उल्लेख त्यात नसेल तर परत फोन करून दुरुस्त पत्र मागवा. कौन्सिलला नुसतं पेन्शन क्रेडिट होतं एवढं पुरत नाही, ते दोघांचं मिळून होतं हे दिसायला हवं.